उंदेरीला वळसा, खांदेरीला नारळ

“नारळ आणलाय का?” तांडेलाचा, म्हणजे होडीवाल्याचा, पहिला प्रश्न हा. अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात असलेले उंदेरी आणि खांदेरी हे दोन किल्ले बघायला निघायचं ठरलं होतं साडेसातला आणि आम्ही सात जण थळच्या पुळणीवर उगवलो आठ वाजून दहा मिनिटांनी. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत गाडीतून उतरले, पण त्याने उशिराबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि नारळाचं विचारलं. खांदेरीवर वेताळ आहे. त्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं. आमच्याकडे पाण्याच्या चौदा बाटल्या होत्या, दोन पॉवर बँक होत्या, दुर्बीण होती, चिवड्याचं अख्खं पोतं म्हणावं इतका चिवडा होता. नारळ नव्हता. धाकटा भाऊ गावात पळाला आणि आणखी दहा मिनिटं गेली.

उशीर कोणामुळे झाला ते मी लिहिणार नाही, कारण त्या व्यक्तीने मागवलेल्या पोह्यांच्या दुसऱ्या प्लेटमध्ये माझाही चमचा होता. पण ही पन्नास मिनिटं आम्हाला पुढे भोवली, तेव्हा ती आधीच नोंदवून ठेवते.

चीड याची की वेळ आम्ही फार हुशारीने काढली होती. किनाऱ्यावरचे किल्ले फिरणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे: पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांवर थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बारा-सव्वाबाराला ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणारे म्हणूनच अष्टमी-नवमी धरतात. हिशेब मिनिटामिनिटाला बरोबर येत नाही, अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरून चालावं लागतं. मोबाइलवर भरतीचं कोष्टकही मिळतं, ते आम्ही पाहिलं होतंच. पण तिथीवरून काढण्यात मजा वेगळी. आमची माघातली दशमी होती. दहाचे साडेसात. सकाळी भरल्या पाण्यात निघायचं, पाणी उतरायच्या आत उंदेरीच्या खडकांवर उतरून घ्यायचं, मग खांदेरी, आणि दुपारचा वारा उठायच्या आत परत. कागदावर सगळं चोख होतं.

आधी एका ठिकाणी चौकशी केली होती. त्यांच्याकडे वीस जणांची बोट होती आणि ‘दोन्ही किल्ले दीड तासात कव्हर’ असं आश्वासन होतं. कव्हर म्हणजे बाहेरून दाखवणार, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. मग ओळखीतून थळच्या या तांडेलाचा नंबर मिळाला. मासेमारीची लाकडी होडी, आत डिझेलचं इंजिन, आठच्या वर माणूस घेणार नाही असं त्याने फोनवरच सांगून टाकलं. भाडं माणशी नाही, बोटीचं. आम्हाला वाटून माणशी सहाशेच्या आसपास पडले. खांदेरी बेट मुंबई बंदराच्या अखत्यारीत येतं आणि वर दीपगृह आहे, त्यामुळे उतरायचं असेल तर परवानगीचं आधी विचारून घ्यावं. आम्ही विचारलं होतं, आणि ते काम भावाने केलं म्हणून वेळेत झालं.

होडीत चढणं हा पहिला धडा. थळला आम्ही जिथे होतो तिथे धक्का-बिक्का काही नव्हता. मांडीपर्यंत पाण्यात चालत जायचं आणि काठावर दोन्ही हात टेकून अंग वर ओढून घ्यायचं. सांगायला सोपं आहे. होडी वर येते तेव्हा काठ छातीशी असतो, खाली जाते तेव्हा कमरेशी. खाली गेल्यावर उडी मारायची हे बुद्धीला कळतं, पाय मात्र नेमके वर आल्यावर उचलले जातात. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांना तांडेलाच्या पुतण्याने पोत्यासारखं आत घेतलं. काकू मात्र एका दमात चढल्या. “माहेर रेवदंड्याचं आहे माझं,” एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून मधल्या फळीवर बसल्या.

लाइफ जॅकेटं सगळ्यांना. त्यांना डिझेलचा आणि सुक्या मासळीचा असा मिश्र वास होता. ते घालून फोटो चांगले येत नाहीत अशी तक्रार एकाने केली, तेव्हा तांडेल म्हणाला, “मंग फोटू काडू नका,” आणि इंजिन सुरू केलं.

मी हौसेने पुढे नाळेपाशी बसले होते. शंभरेक मीटर गेल्यावर तो मागून ओरडला, “ताई, मदी बसा. पुडं आपटतंय.” मी हसून हात हलवला. पाच मिनिटांत माझी मी उठून मधे आले, काकूंच्या शेजारी. काकूंनी न बोलता पिशवीतून आल्याचा मीठ लावलेला तुकडा काढून हातावर ठेवला. “लांब बघ. होडीत बघू नकोस,” म्हणाल्या. मी किनाऱ्याकडे बघत राहिले आणि त्यामुळेच किनारा नीट दिसला.

रस्त्याने जाताना थळ म्हणजे वाड्या, बंगल्यांच्या पाट्या आणि खतांच्या कारखान्याकडे वळणारे ट्रक. समुद्रातून तेच गाव वेगळं उलगडतं. आधी सुरूच्या झाडांची काळसर पट्टी, तिच्या पायथ्याशी ओळीने लावलेल्या होड्या, एका बाजूला खुबलढ्याच्या जुन्या गढीचा उरलासुरला दगड, आणि या सगळ्याच्या मागे कारखान्याच्या चिमण्या. तांडेल त्या चिमण्यांवरून दिशा धरत होता. धुकं असलं की आधी त्याच दिसतात म्हणाला. त्याच्या आजोबांच्या वेळी कशावरून दिशा धरत, हे विचारायचं राहून गेलं.

उंदेरी किनाऱ्यापासून जेमतेम एक-दीड किलोमीटर. इतकं जवळ, की पुळणीवरून तटाच्या फटी मोजाव्यात. जवळ गेलं की कळतं, पाण्यातून वर आलेल्या खडकावर सरळ तटच उभा केला आहे; बेटाला वेगळा किनारा म्हणून काही शिल्लक ठेवलेलाच नाही. खालचे खडक कालवांनी खरखरीत झालेले. त्यांच्या धारा इतक्या तीक्ष्ण, की उतरताना घसरलात तर पावलाची साल निघेल. तांडेलाने वेग कमी केला, तटाच्या दरवाजाकडच्या अंगाला होडी आणली, आणि तिथेच पाण्याकडे बघत राहिला. एक लाट खडकाच्या बेचक्यात शिरली, पांढरी झाली आणि बाहेर येताना मागे ओला काळा पट्टा सोडून गेली. तो पट्टा बोटभर रुंद होता.

“सुकती लागली,” तो म्हणाला. “नाय उतरवनार.”

“दहा मिनिटांत येतो ना खाली,” भाऊ म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मला फार आवडलं. चढत्या पाण्यात होडी खडकाला लागली तर भीती नाही, पाणीच तिला उचलून मोकळी करतं. उतरत्या पाण्यात लागली तर ती तिथेच बसते, आणि पुढचं पाणी येईपर्यंत प्रत्येक लाट तिला त्या खडकावर घासत राहते. शिवाय दशमीचं पाणी भांगाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जेवढं चढतं तेवढं भांगाला चढतच नाही, त्यामुळे मुळातच खडकावर पाणी कमी. साडेसातला आलो असतो तर अजून भरत होतं. आता भरून ओसरायला लागलं. आमच्या पन्नास मिनिटांचा त्याने उच्चारही केला नाही. पोहेवाली व्यक्ती दुर्बिणीतून मुंबईच्या दिशेला फार बारकाईने काहीतरी बघायला लागली.

तेव्हा उंदेरीला वळसाच घातला. सोबत भावाच्या मित्राची बहीण होती, कॉलेजात इतिहास घेतलेली. तिच्याकडे झेरॉक्स कागदांची प्लॅस्टिकमध्ये घातलेली गुंडाळी होती आणि ती वाऱ्यात उघडायचा तिचा सारखा प्रयत्न चालला होता. शेवटी तिने नाद सोडला आणि तोंडीच सांगितलं. खांदेरी आधी, उंदेरी नंतर. खांदेरीवर किल्ला बांधायचा महाराजांनी १६७२ मध्येच प्रयत्न केला होता, पण मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी तो होऊ दिला नाही. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर गेले आणि भर समुद्रात बांधकाम सुरू झालं. इंग्रजांनी आरमार पाठवून बेटाला घेरा घातला. सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. शेवटी तह झाला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दी कासमने मग जानेवारी १६८० मध्ये हे शेजारचं उंदेरी बळकावलं आणि त्याला तट घातला, खांदेरीच्या अगदी उरावर. मराठ्यांच्या आरमारातल्या दौलतखानाने महिनाभरात उंदेरीवर हल्ला केला, पण तो फसला.

“म्हणजे शेजाऱ्याने आपल्या खिडकीसमोर भिंत बांधावी तसं,” काका म्हणाले. त्यांची हाउसिंग सोसायटीत एक केस चालू आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. उंदेरी नाही. यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची, हे मला कळतं. पण समुद्रात बसून बघताना एकाला दुसऱ्यावाचून अर्थच उरत नाही. ही दोन बेटं म्हणजे एकाच भांडणाच्या दोन बाजू आहेत.

उंदेरीच्या किनाऱ्याकडच्या अंगाने आम्ही खांदेरीकडे वळत होतो आणि एकदम इंजिनचा आवाज बदलला. धडधड जाऊन घरघर, मग एक आचका, मग काहीच नाही. इतक्या वेळ त्या आवाजाला आम्ही शिव्या देत होतो. तो थांबल्यावर जी शांतता झाली ती कुणालाच नको होती. पाण्याचा होडीच्या बुडाला चाटण्याचा आवाज तेवढा राहिला. पुतण्याने मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, “दोर.” कुणाच्या तरी तुटलेल्या जाळ्याचा निळा नायलॉनचा दोर पंख्यात गुंडाळला गेला होता.

मुलाने शर्ट काढला, दातात सुरी धरली आणि पाण्यात उतरला. हे मी केवळ गोष्टीत वाचलेलं. तांडेल काठावर पालथा पडून त्याला दोराचं टोक ओढून देत होता. मी इकडेतिकडे बघत होते, आणि मला दिसलं की उंदेरी मोठी होत चाललीय. मघाशी तटाचे दगड दिसत होते, आता दगडांच्या सांध्यात उगवलेलं गवत दिसायला लागलं. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, मतलई. ओसरतं पाणीही तिकडेच ओढणारं. दोघं मिळून आम्हाला, काही घाई न करता, त्या कालवांच्या धारांकडे नेत होते. कुणी काही बोलेना. काकांनी लाइफ जॅकेटचा सैल पट्टा ओढून घट्ट केला, आणि ते बघून आम्ही सगळ्यांनीच केला.

तांडेल उठला. फळ्यांखालून एक लांबलचक वल्हं काढलं, दुसरं भावाच्या हातात दिलं आणि मागून ढकलल्यासारखं मारायला सांगितलं. भाऊ रोज व्यायामशाळेत जातो. त्याच्या पहिल्या पाचसहा फटक्यांनी पाणी आमच्या अंगावर उडालं, होडी हलली नाही. तांडेलाने मात्र पाय फळीत रोवला, अंग मागे टाकलं आणि एक संथ फटका मारला, मग दुसरा. होडी वळली. जोर लावतोय असं वाटत नव्हतं, पण मानेवरच्या शिरा बघितल्या आणि कळलं. उंदेरीचा तट हळूहळू बाजूला सरकला, मग मागे राहिला. मोकळ्या पाण्यात आल्यावर त्याने वल्हं आडवं ठेवलं आणि पुतण्याला विचारलं, “किती ऱ्हायला?” पुतण्याने पाण्यातून दोन बोटं दाखवली.

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्या वेळात इतिहासवाली मुलगी काय विचार करत होती ते तिने नंतर सांगितलं. १६७९ च्या त्या लढाईत इंग्रजांकडे मोठ्या तोफांची, उंच डोलकाठ्यांची जहाजं होती; ‘रिव्हेंज’ नावाचं लढाऊ जहाज होतं. मराठ्यांकडे बहुतेक लहान गलबतं, वाऱ्याबरोबर वल्ह्यांवरही चालणारी आणि उथळ पाण्यात घुसू शकणारी. रात्री घेरा चुकवून किनाऱ्यावरून खांदेरीला रसद पोचत राहिली ती अशा होड्यांतून. १८ ऑक्टोबरला मराठ्यांची पन्नासहून जास्त गलबतं चालून गेली, इंग्रजांचं ‘डोव्ह’ हे जहाज त्यांनी पकडलं; ‘रिव्हेंज’ने तोफांच्या जोरावर तग धरला. लहान गलबतांची चपळाई हे वाक्य तिने परीक्षेत तीनदा लिहिलं होतं, म्हणाली. वारा आणि ओहोटी एका बाजूला झाली, की वल्हं नसलेल्या जहाजाचं काय होत असेल, हे तिला वल्ह्याने पाणी कापलं तेव्हा दिसलं.

दोराचा शेवटचा वेढा निघाला, पुतण्या वर आला. ओठ निळे पडलेले, अंगठ्याला सुरी लागलेली. काकूंनी त्याच्या हातावर हळद दाबली. काकूंच्या पिशवीत हळद होती. मी आता त्यांच्याबरोबर कुठेही जायला तयार आहे.

खांदेरी थळपासून चार-पाच किलोमीटर आत आहे. उंदेरी सोडल्यावर लाट लांब आणि गोल होते, आपटत नाही, नुसती उचलते आणि ठेवते. काही कुरव पक्षी मागे लागले होते, बहुधा चिवड्याच्या आशेने. दोन टेकड्या आणि मधे खोलगट भाग असा बेटाचा आकार आधी दिसतो, मग टेकडीवरचं दीपगृह, मग पाण्याला टेकलेला तट. तटाच्या बाहेर समुद्रात दगडांचा सडा पडलेला. लाट त्यांच्यावरच फुटते आणि तटापर्यंत थकून पोचते. इथे जेटी आहे. उंदेरीनंतर ती जेटी बघून मला एखाद्या रेल्वे फलाटासारखा आनंद झाला.

उतरल्यावर आधी वेताळ. हे तांडेलाने सुचवलं नाही, तो सरळ चालायला लागला आणि आम्ही मागे. कोळ्यांचं हे मोठं ठिकाण. मूर्ती अशी नाही, शिळा आहे. तो पुढे झाला, नारळ फोडला, हात जोडून पुटपुटला. मघाशी वल्हं मारतानासुद्धा ज्याच्या चेहऱ्यावर रेघ उमटली नव्हती, तो इथे बराच वेळ डोळे मिटून उभा होता. मी विचारलं नाही. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने पुतण्याला दिला.

मग तटावरून फेरी. खांदेरीच्या बुरुजांवर तोफा आहेत, आणि त्यांतल्या काही अजून त्यांच्या लोखंडी, चाकांच्या गाड्यांवर आहेत. एरवी किल्ल्यावर तोफ म्हणजे गवतात पडलेली, मुलांना घोडा करून बसवायची वस्तू. इथे ती गाड्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी असते आणि तिचं काम काय होतं ते दिसतं. मी त्या चाकावर हात ठेवला. खाऱ्या हवेने लोखंडाचे पापुद्रे सुटलेत, शंकरपाळ्यासारखे. हाताला लागलेला तांबडा रंग संध्याकाळपर्यंत गेला नाही.

वाटेत तो आवाज करणारा दगड आहे. मोठा खडक, लहान दगडाने ठोकला की धातूवर ठोकल्यासारखा वाजतो. सगळ्यांनी ठोकून बघितला, काकांनी जरा जास्तच. एके ठिकाणी टण्ण, हातभर सरकून ठोकलं की ठण. ठोकून ठोकून दगडावर वाट्यांसारखे खळगे पडलेत. म्हणजे आमच्यासारखे भरपूर येऊन गेले.

दीपगृह १८६७ सालचं, अष्टकोनी मनोऱ्याचं. ज्या बेटावरून इंग्रजांना हाकललं त्याच बेटावर पुढे इंग्रजांनीच मुंबईला येणाऱ्या जहाजांसाठी दिवा लावला. मधल्या काळात १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्र्यांकडून खांदेरी घ्यायचा प्रयत्न करून पाहिला होता आणि हात हलवत परत गेला होता. १८१८ मध्ये मराठी राज्यच गेलं, तेव्हा बेटही गेलं. १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. थळमध्ये मात्र सगळे खांदेरीच म्हणतात, आणि नौदलाने २०१९ मध्ये पाणबुडी दाखल करून घेतली तिचं नावही ‘खांदेरी’च.

टेकडीच्या वाटेवर काका दम खायला थांबले आणि सकाळपासून मनात असलेलं बोलले. “मला एक सांगा, एवढ्याशा बेटासाठी इंग्रज मरायला का उठले? यात आहे काय? खडक आणि एक टाकं.”

मुलगी कागद काढायला लागली. पण त्याआधीच, दुर्बिणीतून सकाळपासून उत्तरेला बघणारी आमची पोहेवाली व्यक्ती म्हणाली, “काका, इकडे या.” काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली. माघातल्या धुरकट हवेत, पाण्याच्या वर तरंगणाऱ्या करड्या काड्यांसारख्या मुंबईच्या इमारती होत्या. आणि त्यांच्या अलीकडे, बंदराच्या तोंडाशी, ओळीने थांबलेली मालवाहू जहाजं. काका ती मोजायला लागले. नऊपर्यंत मोजून त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गेटवरच वॉचमनची केबिन.” सोसायटीच्या केसमधून ते पूर्ण बाहेर आलेच नव्हते, पण उत्तर चुकीचं नव्हतं.

साडेअकराला तांडेलाने हाक मारली. वारा फिरायला लागला होता. दुपारी तो समुद्राकडून येतो आणि परतताना होडी आडव्या लाटेत डुलते. खरंच डुलली. जाताना लागली नव्हती ती बोट मला येताना लागली, आलं संपलं होतं, आणि त्या पाऊण तासाबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. फक्त एवढंच, की होडीच्या काठाला धरून ओणवं झालेल्या माणसाला कुणी “लांब बघ” म्हणू नये.

थळ जवळ आलं आणि पाणीच संपलं. सकाळी जिथे मांडीभर पाण्यातून चढलो होतो तिथे आता ओली रेती आणि चिखल, त्यात तिरक्या कलंडलेल्या दुसऱ्या होड्या. दोनशे पावलं अलीकडेच आमच्या होडीचं बूड टेकलं. तांडेलाने इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि चपला हातात घ्या म्हणाला. चिखल गार होता, घोट्यापर्यंत, आणि पाऊल उचलताना प्रत्येक वेळी चपक असा आवाज. काकू पुढे, पदर अजून तसाच खोचलेला.

पैसे देताना पुतण्यासाठी वेगळे दिले तर तांडेल घेईना. मग काकूंनी ते मुलाच्या हातात कोंबले आणि विषय संपवला. पंख्यातून काढलेला निळा दोर मुलाने टाकून दिला नव्हता. वेटोळं करून खांद्याला अडकवला होता. कुंपणाला होईल म्हणाला.

“उंदेरी ऱ्हायली तुमची,” तांडेल म्हणाला. “उदानाच्या जवळ या. पुनवेच्या दोन दिस आदी. वारा बगू, पानी बगू, मंग सांगतो.”

भावाने तिथेच चिखलात उभं राहून बोटांवर हिशेब केला. त्रयोदशी. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा, वर अर्धा तास धरा. “ताई,” तो म्हणाला, “म्हणजे पोहे खाऊन येता येईल.”

तांडेलाने होडीवरून मान वळवून आमच्याकडे बघितलं. “आटला या,” तो म्हणाला. “आनि नारळ घिऊन.”